दलालाने गाय तशीच ठेवली

श्रीमंततात्या जावळे हा गोड माणूस आहे असं मी लिहिणार नाही. अकरा वर्षांत ते माझ्या टायपिंगच्या दुकानात भांडल्याशिवाय एकदाही बसलेले नाहीत. कधी माझ्या टायपिंगवरून, कधी पंख्यावरून, कधी नुसत्या उदबत्तीवरून. "बाई, देवाला नाक हाय का न्हाई मला ठाव न्हाई, मला हाय," म्हणत ते उदबत्ती उचलून बाहेर पायरीवर नेऊन ठेवायचे. मी ती आणून पुन्हा दत्ताच्या फोटोपुढं लावायचे. त्यांना बोलून उपयोग नसतो.

त्यांचा धंदा जनावरांच्या दलालीचा. आमच्या गावचा बाजार बुधवारी भरतो. घोडेगावच्या मोठ्या गुरांच्या बाजारापुढं तो काहीच नाही, पण वीस-पंचवीस गावांची गुरं येतात. इथं तोंडाने भाव बोलत नाहीत. घेणाऱ्याचा दलाल आणि देणाऱ्याचा दलाल समोरासमोर उभे राहतात, हातावर टॉवेल टाकतात आणि टॉवेलाखाली एकमेकांची बोटं धरून सौदा करतात. बघणाऱ्याला नुसता हलणारा टॉवेल दिसतो. तात्यांचे वडील हेच करायचे. तात्या सातवीत असताना एका बैलाने वडिलांना टेम्पोच्या फळीशी दाबलं, त्यांच्या बरगड्या मोडल्या, आणि पुढच्याच बुधवारी टॉवेल तात्यांच्या खांद्यावर आला. शाळा तिथं सुटली.

लिहायला कधी लागले ते त्यांना सांगता येत नाही. बाजार दुपारी पांगला की टेम्पोच्या सावलीत बसून शंभर पानी वहीत शिसपेन्सिलीने लिहीत बसायचे. बाकीच्या दलालांना वाटायचं, कुणाची गाय कुणाला गेली ते टिपून ठेवतोय. घरी त्यांची बायको रंगुबाई म्हणायची, माणूस वहीत डोकं घालून बसतो म्हणजे घरच्यांशी बोलायला नको. ते काही खोटं नव्हतं. पोटच्या पोरींच्या लग्नात सुद्धा ते मांडवामागे वही घेऊन बसले होते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

माझ्याकडं पहिली वही आणली तेव्हा मी माझ्या समजुतीने ती सुधारून टाईप केली. माझं शिक्षण मराठी शाळेतलं, सासरे देवळातले पुजारी, घरात सगळं शुद्ध बोलायचं. मी 'हाय'चं 'आहे' केलं, 'व्हतं'चं 'होतं' केलं. तात्यांनी चष्मा लावून तीन पानं वाचली आणि कागद माझ्यापुढं टाकले.

"ही कुनाची गोष्ट हाय?"

"तुमचीच."

"माझी न्हाई. बाई, तुमी माझी गाय साबनानं धुतली. आता तिचं वासरू बी तिला वळखायचं न्हाई."

मी म्हटलं, मग दुसरीकडं करून घ्या. ते म्हणाले, दुसरीकडची बाई तुमच्यापेक्षा खराब टाईप करती. मी पुन्हा सगळं होतं तसं टाईप केलं. तेव्हापासून त्यांच्या सात-आठ गोष्टी माझ्या हातून गेल्या. एक-दोन छापून आल्या. चांगल्या होत्या. माणसापेक्षा गोष्टी चांगल्या होत्या, एवढं मी कबूल करते.

दिवाळी अंकात शेवटी लेखकांची ओळख देतात ना, ती मी सगळ्यात आधी वाचते. प्राध्यापक, निवृत्त मुख्याध्यापक, बँकेतले अधिकारी, एखादा डॉक्टर. मधेच एखादा एसटीचा वाहक किंवा रंगकाम करणारा सापडला की मला बरं वाटतं. दोन वर्षांमागे नगरच्या एका अंकाने तात्यांची गोष्ट घेतली, तेव्हा संपादक रविकांतसरांचा फोन माझ्या दुकानात आला. म्हणाले, व्यवसायाच्या जागी 'दलाल' लिहिलंय, ते जरा कसंतरी दिसतं, 'पशुधन व्यावसायिक' टाकू का?

तात्या समोरच बसले होते. फोन घेऊन म्हणाले, "सर, तुमी काय करता?"

"मी महाविद्यालयात शिकवतो."

"मंग तुमच्या नावापुढं 'विद्यार्थीधन व्यावसायिक' टाका, माझ्यापुढं बी टाका."

'दलाल' तसंच छापलं गेलं.

ती गोष्ट एका गायीची होती. एक दलाल आटायला आलेली गाय विकतो. गाय व्याली त्याला सहा महिने झालेले, दूध संपत आलेलं. तो दुसऱ्याचं आठ दिवसांचं वासरू आणतो, त्याच्या पाठीला मीठ चोळतो आणि गायीपुढं बांधतो. मिठामुळं गाय वासराला चाटत राहते. बघणाऱ्याला वाटतं, ताजी व्यालेली आहे, भरपूर दूध देईल. एक ऊस तोडणारी बाई ते चाटणं बघून भुलते, गायीला हात जोडते आणि तिला घेऊन जाते. पंधरा दिवसांत गाय आटते.

टाईप करताना मी विचारलं होतं, "हे खरं घडलेलं आहे का?"

"बाजारात सगळंच घडतं."

"नावं बदलली आहेत ना?"

"समदी बदलली. गावं बी बदलली. मला काय येड लागलंय?"

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी बाजारात कधी गेलेले नाही, मला कसं कळणार. तात्यांनी माणसांची नावं बदलली, गावं बदलली, वार सुद्धा बदलला. गाय मात्र जशी होती तशी ठेवली. तांबडी जर्सी, डाव्या डोळ्याभोवती पांढरं वर्तुळ, उजव्या कानाला खाच, चालताना मागचा पाय किंचित बाहेर टाकणारी. ती इतकी नेमकी लिहिली होती की टाईप करताना ती माझ्या दुकानाच्या दारात उभी आहे असं वाटायचं. तात्यांना गाय बदलायचं सुचलंच नाही. नंतर मला म्हणाले, "गाय कशी बदलायची? गाय तर तीच हुती."

आमच्या गावात अंकाच्या तीनच प्रती आल्या. पण बाजारात आधी जनावर ओळखतात, मग माणूस. दिवाळीनंतरच्या पहिल्या बुधवारी, ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही माहीत झालं होतं की ती गाय गोरक्षने विकलेली. गोरक्ष म्हणजे रंगुबाईचा सख्खा भाऊ, तात्यांचा मेहुणा, आणि बाजारातला मोठा दलाल.

त्या बुधवारी तात्यांनी टॉवेल टाकून हात पुढं केला आणि कुणीही त्याखाली हात घातला नाही. सकाळी सातपासून दुपारपर्यंत ते तसेच हात पुढं करत फिरले. कुणी शिवी दिली नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गोरक्ष माझ्या दुकानात आला. उभाच राहिला.

"वैनी, हे तुमच्या मशीनमधनं निघालंय."

"निघालं ते त्यांच्या वहीतून. मी फक्त टाईप केलं."

"तुमाला कळत नव्हतं का? शिकलेल्या बाया तुमी."

"तुम्ही वासराला मीठ चोळलं तेव्हा तुम्हाला कळत होतं का?"

त्याने माझ्याकडं रोखून पाहिलं. पण आवाज चढवला नाही. म्हणाला, "दाजींना सांगा. येत्या बुधवारी बाजाराच्या ओट्यावर उभं ऱ्हायचं आन समद्यांपुढं म्हनायचं, हे मी मनानं रचलं, असं काई झालेलं न्हाई. म्हनले तर त्यांचा टॉवेल त्यांच्या खांद्यावर. न्हाई म्हनले तर रंगू मला भाऊबीजेला बोलवनार न्हाई, का मी तिच्या उंबऱ्याला पाय लावनार न्हाई. आन बाजारातल्या पावत्या-अर्जांचं एक काम तुमच्याकडं येनार न्हाई."

तात्या सोमवारी आले. मला वाटलं, चिडलेले असतील. ते थकलेले दिसत होते.

"लिहा," म्हणाले. "सदर गोष्ट संपूर्ण काल्पनिक असून, वगैरे. तुमाला येतं तसं शुद्ध लिहा."

"तुम्ही खोटं बोलणार?"

"गोष्ट लिहिनारा आयुष्यभर खोटंच बोलतो. एकदा ओट्यावरून बोललो तर काय झालं?"

"आजवर तुम्ही मला एक शब्द बदलू दिला नाही, तात्या."

"बाई, तुमचं दुकान हाय. माझा टॉवेल हाय. तो खांद्यावर न्हाई तर मी कोन? वही घिऊन बसलेला म्हातारा. लिहा मुकाट."

मी लिहिलं. अर्ज लिहितात तसं लिहिलं. त्यांनी कागदाची घडी करून वरच्या खिशात ठेवली. उदबत्तीकडं बघितलं सुद्धा नाही.

मंगळवारी दुपारी एसटीतून एक बाई उतरली आणि अंकात तात्यांच्या नावाखाली छापलेला पत्ता विचारत थेट माझ्या दुकानात आली. चाळिशीची असेल. हातांना उसाच्या पाचटाचे ओरखडे, डोक्याला फडकं, पिशवीत तो दिवाळी अंक. ती मालनबाई. पाथर्डीकडची, राहुरीच्या बाजूला ऊसतोडीला आलेली. टोळीच्या मुकादमाने ती गोष्ट कोप्यांपुढं, म्हणजे तोडकऱ्यांच्या पाचटाच्या झोपड्यांपुढं, मोठ्याने वाचून दाखवली होती. गाय ऐकल्याबरोबर सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं होतं.

"तात्याला बोलवा," म्हणाली.

तात्या आले. तिला बघून दारातच थांबले. मी त्यांना आत बसा म्हटलं, ते बसले नाहीत.

"मालनबाई," एवढंच म्हणाले.

"टोळीतली पोरंटोरं मला बघितलं का हात जोडत्यात," मालनबाई म्हणाली. "हंबरत्यात. दोन वरसं म्या घरात सांगितलं, गाईला रोग झाला म्हून आटली. मह्या नवऱ्याला बी तेच सांगितलं. तू साऱ्या जिल्ह्याला सांगून टाकलं का ही बाई येडी हाय."

"तुझं नाव न्हाई त्यात."

"गाय हाय ना महीच."

तात्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"हात जोडले ते खरं हाय," ती म्हणाली. "गाय घरी आली तर मला कोयता धरायला जायला लागायचं न्हाई, म्हून जोडले. पर ते मागून. आदी म्या काय केलं? सांग बरं ह्या ताईला."



"ह्यो मह्याकडचा दलाल व्हता, ताई," ती माझ्याकडं वळून म्हणाली. "मह्या चुलत्याच्या वळखीचा म्हून ह्याला धरला. म्या ह्याला इचारलं, तात्या, वासरू हिचंच का? दोनदा इचारलं. ह्यो म्हनला, हिचंच. आन गोष्टीत ती बाई तोंड सुदीक उघडत न्हाई. ह्यो तर गोष्टीत न्हाईच."

मला सगळं एकदम कळलं आणि मला तात्यांची किळस आली, खोटं कशाला बोलू. ती गोष्ट टाईप करताना त्या बाईबद्दल माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्या पाण्याची मला लाज वाटली.

"इचारलं व्हतं का न्हवतं?" मालनबाईने विचारलं.

तात्या वळले आणि निघून गेले.

संध्याकाळची गाडी गेली होती म्हणून मालनबाई माझ्या घरी राहिली. माझ्या सासऱ्यांनी तिला देवळातला अंगारा दिला, तर म्हणाली, "हे ज्यानं फसवलं त्याला लावा." मी सकाळी देवापुढं दिवा लावला. काय मागावं ते मला सुचलं नाही. एकाचं भलं मागितलं असतं तर दुसऱ्याचं वाईट झालं असतं.

बुधवारी आम्ही दोघी बाजारात गेलो. शेणाचा आणि ओल्या वैरणीचा वास, टेम्पोंच्या फळ्या आपटत होत्या. बायका आम्ही दोघीच. लोक बघत होते. मालनबाईला काही वाटत नव्हतं, ती सरळ ओट्यासमोर जाऊन उभी राहिली. गोरक्षने तिला ओळखलं. ओळखून त्याने तोंड फिरवलं.

तात्या ओट्यावर चढले. पांढरी टोपी, धुतलेला टॉवेल. खिशातला मी टाईप केलेला कागद काढला, उघडला, चष्मा लावला. मला वाटलं, वाचणार. त्यांनी कागद बराच वेळ हातात धरला.

"चष्मा नवा घ्यायचा का तात्या?" कुणीतरी म्हणालं. लोक हसले.

तात्यांनी कागदाची पुन्हा घडी घातली.

"गोष्ट खरी हाय," ते म्हणाले. "पन मी ती चोरून लिहिली. गोष्टीत दलाल एकच हाय, इथं दोन व्हते. दुसरा मी. ही बाई समोर उभी हाय. हिनं मला दोनदा इचारलं, वासरू हिचंच का. मी हिचंच म्हनलो. मला ठाव व्हतं. गोरक्षनं टॉवेलाखाली माझी करंगळी दाबली व्हती, तवाच मला कळलं व्हतं. करंगळी दाबली म्हंजे गप ऱ्हायचं, हे तुमाला समद्यांना ठाव हाय. बाई येडी नव्हती. बाईनं बरोबर इचारलं."

कुणी ओरडलं नाही. टॉवेलाखालची खूण उघड्यावर, सगळ्या गिऱ्हाइकांपुढं बोलली गेली होती. बाजारात याहून मोठा गुन्हा नाही, असं मला नंतर कळलं. गोरक्ष शांतपणे ओट्यावर चढला. त्याने तात्यांच्या खांद्यावरचा टॉवेल काढून घेतला, खाली उतरला आणि गुरांच्या पाण्याच्या हौदात टाकून दिला. मग सगळे आपापल्या जनावरांकडं गेले. दहा मिनिटांत सौदे सुरू झाले.

मालनबाई एसटीच्या थांब्याकडं चालायला लागली. तात्यांशी बोलली नाही. मी तिला म्हटलं, "त्यांनी सांगितलं की सगळ्यांपुढं."

"बाजाराला सांगितलं," ती म्हणाली. "महे लोक काय बाजारात येत्यात? त्यांनी अंक ऐकलाय."

हे मी तात्यांना जसंच्या तसं सांगितलं. मऊ करून सांगायची माझी इच्छा नव्हती.

तात्यांचं बाजारात जाणं बंद झालं. आता ते एका शेतकऱ्याच्या गोठ्यावर कडबाकुट्टीच्या मशीनवर असतात. रंगुबाई भाकरी करून ठेवते आणि ताट सरकवून आत जाते. गोरक्ष त्यानंतर कुठल्याच भाऊबीजेला आला नाही. माझ्याकडंही बाजारातलं काम येत नाही. दाखले, लग्नपत्रिका, यावर चाललंय.

त्या बुधवारानंतरच्या जानेवारीतच ते नवी वही घेऊन आले होते. तीच गोष्ट पहिल्यापासून लिहिली होती. आता त्यात दोन दलाल होते, टॉवेल होता, दाबलेली करंगळी होती, आणि बाई दोनदा विचारत होती. मी टाईप करून रविकांतसरांना पाठवली. त्यांचा फोन आला. म्हणाले, गोष्ट पुन्हा छापत नाहीत, आणि खरं सांगू का, पहिलीच चांगली होती. ती बाई काही विचारत नाही, त्यातच तर कारुण्य आहे.

तात्या फोनवर म्हणाले, "सर, तुमचं कारुन्य तुमाला ठिवा. बाई इचारनार." आणि फोन माझ्या हातात दिला.

मग मला म्हणाले, "झेरॉक्स काढा दोन. आन उद्या दुकान बंद ठिवा, राहुरीकडं जायचंय. वाचून तुमीच दाखवा. माझ्या तोंडून ती ऐकनार न्हाई."

मी का गेले, ते मला नीट सांगता येत नाही. कदाचित पहिली गोष्टही माझ्याच बोटांखालून गेली होती म्हणून.

कोप्यांपाशी पोचलो तेव्हा दुपार होती. टोळी उसाच्या फडातून परतली होती, बायका चुलीपुढं होत्या. मालनबाईने आम्हाला बसा म्हटलं नाही. मी उभ्यानेच वाचायला सुरुवात केली. बाकीचे जमले. मुकादम आला, त्याने एकदा हंबरून दाखवलं. "गप रं," मालनबाई म्हणाली, तो गप झाला. ती भाकरी थापत ऐकत होती. मान वर केली नाही. बाई विचारते ती जागा आली: "तात्या, वासरू हिचंच का?" तिचा हात थांबला.

"फुडं," म्हणाली.

मी वाचलं. दलाल म्हणतो, हिचंच. बाई पुन्हा विचारते. दलाल पुन्हा म्हणतो, हिचंच.

"थांबा," मालनबाई म्हणाली. आणि पहिल्यांदा तात्यांकडं बघितलं. "दुसऱ्यांदा म्हनला तवा तू मह्याकडं बघितलं नव्हतंस. तू गाईच्या खुरांकडं बघत व्हतास. ते कुटंय?"

तात्यांनी माझ्या हातातला कागद घेतला. गुडघ्यावर ठेवला. खिसे चाचपून शिसपेन्सील काढली आणि त्या ओळीच्या वर, बारीक अक्षरात लिहायला लागले.

"मोठ्यानं म्हन लिहिताना," मालनबाई म्हणाली. "सारे ऐकतेत."